फुटबॉल जीएम: एमव्हीपीला पगार किती द्यायचा?

फुटबॉल जीएम हा ब्राउझरमध्ये चालणारा फुकट गेम आहे. यातलं फुटबॉल अमेरिकन, म्हणजे हेल्मेट, खांद्याला पॅड आणि लांबट चेंडू. एफसी पुणे सिटीच्या आठवणीने बालेवाडीकडे बघत बसलेल्यांचा गोंधळ नको म्हणून हे आधीच सांगितलं. मैदानात तुम्ही उतरत नाही. 32 संघांपैकी एकाचे जनरल मॅनेजर होता: कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणाला घ्यायचं, तिकीट किती लावायचं, एवढंच तुमच्या हातात. 17 सामन्यांचा हंगाम मशीन खेळतं आणि एका बटणावर उरकतं. उरकत नाही तो ऑफसीझन, म्हणजे दोन हंगामांमधला काळ. या गेमला गुण द्यायचे तर ते ऑफसीझनसाठीच द्यावे लागतील, आणि कापायचे तर बक्षिसांच्या पानासाठी.

आधी मांडणी बघू. खेळाडू काल्पनिक असतात, संगणकाने बनवलेले. खऱ्या एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) खेळाडूंच्या फाइली हौशी मंडळी तयार करतात, त्या टाकता येतात. पण पहिल्या लीगला काल्पनिकच बरे. नावाचं वजन नसलं की आकडे नीट दिसतात. नवी लीग बनवताना संघांची नावं, रंग, लोगो, लोकसंख्या बदलता येते, तेव्हा पुण्याचा संघ काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. (कल्पना अगदीच हवेतली नाही. इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघ होता.) लोकसंख्येचा रकाना मात्र जपून भरा. तो दशलक्षात असतो. 2011 च्या जनगणनेत पुणे महानगराची लोकसंख्या साधारण 50.5 लाख होती, म्हणजे 5.05 लिहायचं. उत्साहाने 50 लिहिलंत तर लीगमधली सगळ्यात मोठी बाजारपेठ तुमची होते, पैसा धो-धो येतो आणि गेम आळणी लागतो. 5 च्या आसपास ठेवलं तर संघ बाजारपेठांच्या यादीत वरच्या टोकाला जात नाही आणि पैशाचा हिशेब करावा लागतो. मजा त्यातच आहे.

आता बक्षिसं. हंगाम संपला की एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू), सर्वोत्तम बचावपटू, आक्रमण आणि बचावातला सर्वोत्तम रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू), ऑल-लीग (प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तमांचा) आणि ऑल-रुकी संघ, आणि अंतिम सामन्याचा एमव्हीपी जाहीर होतात. हंगाम चालू असताना 'अवॉर्ड रेसेस' या पानावर कोण पुढे आहे ते दिसत राहतं. मतदान कुणी करत नाही. आकडेवारीतून निघालेल्या गुणांवर निकाल लागतो. खऱ्या एनएफएलमध्ये असोसिएटेड प्रेसचे 50 मतदार 2022 च्या हंगामापासून पहिल्या पाच जणांना क्रमाने 10, 5, 3, 2, 1 असे गुण देतात, आणि तरीही निकाल बहुतेक एकाच दिशेला झुकतो. 2012 ला एड्रियन पीटरसन या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) एमव्हीपी मिळालं. त्यानंतर 2013 ते 2024 पर्यंतच्या प्रत्येक हंगामात ते क्वार्टरबॅकलाच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारालाच, गेलं. 2024 मध्ये सेक्वान बार्कली 2005 यार्ड धावला. त्याच्या हाती आक्रमणातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस आलं, एमव्हीपी जॉश ॲलनला गेलं. या गेमचाही कल क्वार्टरबॅककडेच आहे, त्यामुळे त्यावर रुसायचं कारण नाही.

रुसायचं कारण वेगळं आहे. ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण दिवसभर धक्के खातात, क्वार्टरबॅकला उभं राहायला जागा देतात, आणि एमव्हीपीच्या यादीत त्यांचं नाव शोधून सापडत नाही. ऑल-लीग संघात तेवढी त्यांची वर्णी लागते. दुखापतीतून परतलेल्यासाठी बक्षीस नाही, प्रशिक्षकासाठी नाही. विजेत्यांचं पान म्हणजे नुसती यादी. कुणी किती फरकाने जिंकलं, दुसरा कोण होता, यावर ते गप्प. सोहळ्याची हौस असेल तर इथे ती भागणार नाही.

पण बक्षिसांबद्दल एक गोष्ट गेमने हुशारीने केली आहे, आणि नवा माणूस नेमका तिथेच फसतो. खेळाडूची पगाराची मागणी त्याच्या रेटिंगवर आणि जागेवर ठरते, कपाटातल्या ट्रॉफ्यांवर नाही. म्हणजे एमव्हीपी झाला म्हणून त्याने भाव वाढवला असं होत नाही. भाव तुम्हीच वाढवता, मनातल्या मनात. पानावर सोनेरी बिल्ला दिसतो, 'याला कसा सोडायचा' असं वाटतं, आणि 30 वर्षांच्या रिसिव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) लांबलचक करार दिला जातो. बिल्ला गेल्या वर्षीच्या कामाचा असतो आणि पगार पुढच्या वर्षांचा जातो, हे तेव्हा लक्षात राहत नाही.

ऑफसीझनचा क्रम इथे खऱ्या लीगपेक्षा वेगळा आहे, तो डोक्यात पक्का बसवून घ्या. एनएफएलमध्ये मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार) उघडते आणि एप्रिलअखेर ड्राफ्ट होतो. फुटबॉल जीएममध्ये प्लेऑफ संपले की आधी ड्राफ्ट, मग स्वतःच्या खेळाडूंशी नवे करार, मग 30 दिवसांची फ्री एजन्सी, आणि त्यानंतर प्रीसीझन. ड्राफ्ट आधी असल्याने कोणता खेळाडू परवडणार नाही याचा अंदाज सात फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच बांधावा लागतो. संपत आलेल्या करारांची यादी हंगामातही दिसते. ती ट्रेड डेडलाइनच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीच्या) आधी उघडून बघा. ज्याला ठेवणं जमणार नाही तो तेव्हाच विकायचा, कारण हंगाम आटोपल्यावर संपत्या कराराचा खेळाडू ट्रेडमध्ये टाकता येत नाही. बहुतेकांना हे पहिल्या ऑफसीझनला कळतं, आणि तोवर तो फुकटात निघून गेलेला असतो.

ड्राफ्टमध्ये 32 संघ आणि 7 फेऱ्या, म्हणजे 224 निवडी. समोर दिसणारे आकडे खरे नसतात, त्यात मुद्दाम धूसरपणा मिसळलेला असतो. स्काउटिंगवर खर्च वाढवला की तो कमी होतो. तरी स्काउटिंगवर पैसे ओतू नका. तेच पैसे कोचिंग आणि सुविधांवर घातलेले परवडतात. कोचिंगमुळे खेळाडूंची प्रगती थोडी सुधारते, सुविधांमुळे प्रेक्षक आणि खेळाडूंची मर्जी. सुविधांचा परिणाम दिसायला मात्र वर्षं लागतात, एका हंगामात फरक दिसला नाही म्हणून खर्च कापला की आधीचंही वाया जातं. पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधली पोरंही आधीच बघता येतात. पुढच्या वर्षी चांगला क्वार्टरबॅक येतोय असं दिसलं तर यंदाच्या निवडी देऊन पुढच्या वर्षीच्या घ्याव्यात.

आणि आता करार. फुटबॉल जीएममध्ये डीफॉल्ट कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) हार्ड आहे, म्हणजे स्वतःचा खेळाडू राखण्यासाठीसुद्धा कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. याच गेमच्या बास्केटबॉल भावंडात ती मुभा असते, त्यामुळे तिकडून आलेले इथे हमखास अडकतात. आकडे घेऊन बघू. समजा कॅप 20 कोटी डॉलर आहे. रुकी धरून 34 जणांचे पुढच्या वर्षीचे करार पक्के आहेत आणि त्यांचा पगार 12 कोटी होतो. उरले 8 कोटी आणि 53 च्या रोस्टरमधल्या (संघाच्या यादीतल्या) 19 जागा. करार संपलेले पाच जण दारात उभे: 28 वर्षांचा एमव्हीपी क्वार्टरबॅक 4.4 कोटी मागतोय, ऑल-लीगमधला 30 वर्षांचा रिसिव्हर 1.7 कोटी, 25 वर्षांचा डिफेन्सिव्ह लाइनमन 1.3 कोटी, 26 वर्षांचा ऑफेन्सिव्ह लाइनमन 1.1 कोटी, आणि किकर 6 लाख. बेरीज 8.56 कोटी. सगळे बसत नाहीत, आणि अजून 14 जागा रिकाम्याच.

क्वार्टरबॅकवर विचार करायचा नाही. संघाच्या एकूण ताकदीत एकट्या जागेचं सगळ्यात जास्त वजन त्याचं, आणि त्याची उतरणही उशिरा सुरू होते. त्यानंतर गट म्हणून दोन्ही लाइन. किकर तर डोळे मिटून ठेवा: बाजारात त्याला भाव नाही, संघाच्या गणितात मात्र त्याचं वजन त्याच्या पगाराच्या मानाने बरंच आहे. पंटरचंही (चेंडू लांब लाथाडून देणाऱ्याचंही) तेच. आता रिसिव्हर सोडला तर चौघांचे 6.86 कोटी होतात, हातात 1.14 कोटी आणि 15 जागा राहतात. किमान पगार 5 लाख धरला तर 15 जागांचे 75 लाख, म्हणजे 39 लाख मोकळे. ते एकाच जागेवर लावले की 44 लाखांचा रिसिव्हर येतो. ऑल-लीगचा नाही, पण चालतो, कारण मैदानात रिसिव्हर तीन असतात आणि एकाचं वजन तेवढं नाही. उलट बाजूने बघा. रिसिव्हर ठेवून दोन्ही लाइनमन सोडले तर 6.16 कोटी जातात, उरलेल्या 16 जागांपैकी 14 जागांचे 70 लाख, आणि दोन जाणत्या लाइनमनची भरपाई 1.14 कोटीत करायची. बाजारात तेवढ्यात दोघे मिळाले तर नशीब.

करार करताना प्रत्येक मुदतीसमोर वेगळी रक्कम दिसते. पोरसवदा, चढत्या रेटिंगच्या खेळाडूला लांब करार, वय झालेल्याला एक वर्ष. त्या एका वर्षासाठी थोडे जास्त मागितले तरी द्या. सोडून दिलेल्या खेळाडूचा पगार करार संपेपर्यंत तुमच्या कॅपवर बसून राहतो. खऱ्या लीगमध्ये हे दुखणं याहून मोठं असतं: डेन्व्हरच्या संघाने 2024 मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांत विभागून कॅपवर घ्यावे लागले. इथे साइनिंग बोनस, त्याची वर्षांवर वाटणी, पगाराची फेरमांडणी, फ्रँचायझी टॅग (संपत्या कराराच्या खेळाडूला आणखी एक वर्ष अडकवून ठेवण्याची सोय) यांपैकी काहीच नाही. सरळ पगार, सरळ वर्षं. कॅपच्या कसरतीत रस असलेल्याला हे बाळबोध वाटेल. नवख्याला मात्र यामुळेच गेम दोन संध्याकाळींत उमगतो.

काही खेळाडू पैसे दाखवूनही बोलणी करत नाहीत. नावापुढची अक्षरं बघा: कीर्ती, निष्ठा, पैसा, विजय या चार स्वभावांपैकी एखादा किंवा दोन प्रत्येकाला चिकटलेले असू शकतात. पैशाच्या स्वभावाचा खेळाडू पगार बघतो, संघ हरतोय की जिंकतोय याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. विजयवाल्याला सलग दोन पडके हंगाम दाखवले की तो उठून जातो. निष्ठावाला टिकतो. रुकी करार संपवून पहिला मोठा करार करणाऱ्याची आपल्या संघावर थोडी जास्त मर्जी असते. ही संधी एकदाच येते, ती दवडली की तोच खेळाडू पुढे फ्री एजन्सीतून परत आणणं जड जातं. मर्जीच्या चौकटीत प्रत्येक कारणाचे अधिक-उणे दिसतात, ते वाचल्याशिवाय 'हा नाही म्हणतोय' म्हणून सोडू नका. कधी कधी अडचण एवढीच असते की त्याच्या जागेवर तुम्ही आधीच दुसरा चांगला घेऊन बसलेला असता आणि त्याला खेळायला मिळणार नाही.

स्वस्त रुकी करारावरचा चांगला क्वार्टरबॅक म्हणजे या गेममधली लॉटरी. खऱ्या लीगमध्ये ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा, 262 वा निवडला गेला आणि क्वार्टरबॅक म्हणून संघाला अगदी किरकोळ पगारात पडला. 2025 मध्ये त्याच पर्डीशी सॅन फ्रान्सिस्कोने पाच वर्षांचा 26.5 कोटी डॉलरचा करार केला. तो स्वस्तातला काळ चालू असतानाच बाकी संघ बांधून घ्यायचा. गेममध्येही हिशेब तोच.

फ्री एजन्सीत एक फायदा तुमच्याकडे असतो: दिवस पुढे सरकवल्याशिवाय बाकीचे संघ कुणाला उचलत नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी सगळा बाजार तुमच्यासमोर खुला असतो. खरोखर हवा असलेला एखादा तेव्हाच घ्या. बाकीच्यांसाठी थांबा. सगळे दिवस एकदम पुढे सरकवण्याचा पर्याय विसरून जा. एकेक दिवस दाबा. इतर संघांची कॅप भरत जाते तशा उरलेल्यांच्या मागण्या खाली येतात. मंडईत दुपारनंतर पालेभाजीचं जे होतं ते इथे विसाव्या दिवसाच्या पुढे होतं: दर पडतो, जुडी कोमेजलेली असते, पण आमटीला चालते. रोस्टरचा शेवटचा तुकडा, म्हणजे बदली लाइनमन, दुसरा टाइट एंड, चौथा-पाचवा कॉर्नरबॅक (समोरच्या रिसिव्हरला अडवणारा बचावपटू), याच दिवसांत भरायचा. एक गफलत इथे नेहमी होते. खेळाडूची जागा म्हणून दिसते ती त्याची सर्वोत्तम जागा. पान उघडलं की प्रत्येक जागेचं वेगळं रेटिंग दिसतं. सेफ्टी म्हणून यादीत पडलेला एखादा कॉर्नरबॅक म्हणूनही धकून जातो, आणि तुम्ही मात्र कॉर्नरबॅक असा गाळणा लावून शोधत बसता.

आणि मग प्रीसीझन. सगळ्या खेळाडूंची रेटिंग बदलतात ती या टप्प्यात, करार करून झाल्यानंतर. गेमचा सगळा काटा इथे आहे. फ्री एजन्सीत घेतलेला 31 वर्षांचा रनिंग बॅक प्रीसीझनचं बटण दाबल्यावर चार-सहा गुणांनी खाली आलेला सापडतो आणि करार तर तुम्ही तीन वर्षांचा करून बसलेला असता. वय वाढलेल्या खेळाडूचं ओव्हरऑल (आजचं रेटिंग) आणि पोटेन्शियल (पुढे गाठू शकेल ते) सारखंच दिसायला लागतं. त्याचा अर्थ 'आहे तसा राहील' असा लावू नका, आता वर जाणार नाही एवढाच लावा. रनिंग बॅक सगळ्यात आधी घसरतात, क्वार्टरबॅक बराच काळ टिकतात, किकर-पंटर तर चिवट. म्हणून रनिंग बॅकला ड्राफ्टमधून आणायचं, रुकी करारावर वापरायचं आणि मोठ्या कराराची वेळ आली की हात जोडायचे. ऑल-लीगचा बिल्ला लागलेला असेल तर आणखी बरं: बिल्ल्यासकट रेटिंग वर असतानाच डेडलाइनच्या आधी त्याचा ट्रेड करा.

ट्रेडमध्ये संगणकाला गंडवणं सोपं आहे, ही गेमची मोठी उणीव. 'हा सौदा जमायला काय लागेल' असं विचारणारं बटण आहे, ते दाबत बसलं की समोरचा संघ आपली किंमत स्वतःच सांगून टाकतो. पुनर्बांधणीतले संघ निवडी आणि तरुण पोरांसाठी म्हातारे पण चांगले खेळाडू उदारपणे देतात. चार-पाच हंगामांत लीग तुमच्या खिशात जाते. कंटाळा येऊ द्यायचा नसेल तर अडचणीची पातळी वाढवा, किंवा ते बटण वापरायचं नाही असं स्वतःच ठरवून घ्या.

मालकाची मर्जी हाही एक मुद्दा आहे: विजय, प्लेऑफ आणि नफा. पहिले काही हंगाम तो सांभाळून घेतो, मग घरी पाठवतो. तिकिटाचा दर आपोआप ठरवण्याची सोय चालू ठेवा आणि त्याकडे बघू नका.

तांत्रिक बाजू. खातं उघडावं लागत नाही, जाहिराती असतात, त्या पैसे भरून बंद करता येतात. एकदा उघडलं की नेट नसतानाही चालतं; हिंजवडीच्या रांगेत तासभर अडकलेल्या बसमध्ये अख्खा ऑफसीझन उरकतो. फोनवर डेप्थ चार्टचे (कोण आधी खेळणार त्या यादीचे) रकाने आडवे सरकवावे लागतात, ते कटकटीचं. करारांचं काम लॅपटॉपवरच करा. भाषा इंग्रजी, आणि फुटबॉलचे नियम गेम शिकवत नाही. सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, तो एकदा उठून पाहिला तरी पुरेशी ओळख होते.

लीग सगळी तुमच्या ब्राउझरमध्येच साठते, कुठल्या सर्व्हरवर नाही. ब्राउझरचा साठवलेला डेटा साफ केला की 20 हंगामांचा इतिहास, हॉल ऑफ फेम, सगळं जातं. सफारी वापरणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण बरेच दिवस न उघडलेल्या साइटचा डेटा ती स्वतःहून काढून टाकते. एक्स्पोर्टचा पर्याय टूल्समध्ये आहे. दर ऑफसीझनला फ्री एजन्सी संपल्यावर, प्रीसीझनचं बटण दाबायच्या आधी फाइल उतरवून ठेवा. दाबल्यानंतर रनिंग बॅक पडला म्हणून ती फाइल परत चढवायची की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.